दादांच्या नावाची दाढी

टिपणीस मास्तरांच्या तोंडावर कातडी चढवायची वेळ आली, तेव्हा देवाजवळचं जाड कापड संपलं असावं. मलमलीचा एक तुकडा कुठे कोपऱ्यात उरला होता, तो त्यानं या माणसाला लावला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण देवाला थट्टेची हौस फार. त्या मलमलीवर त्यानं खराट्याच्या हिरांसारखी राठ दाढी पेरली आणि हा माणूस कर्जतच्या मराठी शाळेचा हेडमास्तर म्हणून पाठवून दिला.

सहदेव न्हावी दर आठवड्याला घरी येऊन मास्तरांची दाढी करी. सहदेवाचा हात वाईट नव्हता. वस्तराही वाईट नव्हता. त्याच वस्तऱ्याखालून येसाजी पाटलाचं अख्खं घराणं गुळगुळीत होऊन बाहेर पडे. पण मास्तरांच्या गळ्यावर तो टेकला रे टेकला, की लाल पुरळ उठे आणि दोन दिवस मिरच्या चोळल्यासारखी आग होई. शाळेतल्या पोरांना पंचांगातलं काही कळत नव्हतं, पण मास्तरांची दाढी कोणत्या वारी झाली ते बरोबर कळे, कारण त्यानंतर छडी जास्त चाले.

त्या वर्षी दिवाळसणाला जावई आला. सासऱ्यानं जावयाला काही द्यावं ही रीत. पण हा जावई मुंबईचा, सुधारलेला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी न करता मुंबईतच डॉक्टरणीच्या हातून करायचं, असं त्यानं ठरवलं. त्यासाठी सासूबाईंना तो सोबत घेऊन निघाला आणि जाताना सासऱ्याच्या हातात एक निकेलची डबी ठेवली. डबीत सेफ्टी रेझर होता. बायको नेऊन बदल्यात वस्तरा ठेवणारा जावई कर्जत तालुक्यात तरी दुसरा झाला नसेल.

गाडी सुटायच्या आधी सुभद्राबाई खिडकीतून म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत खालापूरला जाऊन या. दादांचा दमा वाढलाय म्हणतात. घरात तांब्याभर पाणी द्यायला माणूस नाही. झालं गेलं सोडा आणि त्यांना बारशाला घेऊन या. ऐकताय ना?"

मास्तरांनी मान हलवली. जायचं त्यांच्याही मनात होतं. नुसतं मनात नव्हे, घशात काटा अडकावा तसं ते अडकून बसलं होतं. विनायकदादा त्यांचे थोरले भाऊ. मूलबाळ नाही. वहिनी गेल्यावर दादांचं देवपूजेतलं लक्ष उडालं. एकदा मास्तर खालापूरला गेले, तर देवघरात फुलं वाळून चुरा झालेली आणि देवांच्या अंगावर बोटभर धूळ. मास्तरांनी दादांना न विचारता घराण्याचे टाक पंच्यात बांधले आणि कर्जतला आणले. दादा दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "देव नेलेस ना मोरू? मग भाऊही मेला असं समज." त्याला तीन पावसाळे होऊन गेले. दोघेही टिपणीस; पहिलं पाऊल कोण टाकणार?

आता पाऊल टाकायचं ठरलं, तर दाढी आडवी आली. वडिलांचा दंडक होता, की वाढल्या दाढीनं दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊ नये. मयताची खबर घेऊन आल्यासारखं दिसतं. तीन वर्षांनी भावाच्या दारात जायचं, ते मेल्याची खबर आणल्यासारखं? आणि दाढी करून जावं, तर गळा गोवर उठल्यासारखा. दादा म्हणणार, देवानं तुला बरोबर शिक्षा केली. तेव्हा मास्तरांनी ठरवलं, की या नव्या यंत्रानं आधी तोंड गुळगुळीत करायचं आणि मगच खालापूरची वाट धरायची.

डबीतल्या कागदावर इंग्रजीत बारीक बारीक छापलं होतं. मास्तर मराठी शाळेचे. त्यांनी वाचायचं सोडून चित्र पाहिलं. चित्रात एक साहेब दाढी करता करता हसत होता. मास्तरांनी पडवीत आरसा टांगला, विहिरीचं थंडगार पाणी घेतलं, कपडे धुवायच्या साबणाचा फेस केला आणि साहेबासारखं हसत यंत्र गालावर दाबलं. पुढचं सांगण्यासारखं नाही. दुपारी शाळेत ते वर्तमानपत्राचे बारा तुकडे तोंडावर चिकटवून गेले. एका तुकड्यावर सोन्याचा भाव होता आणि पहिल्या बाकावरचा पोरगा तो मोठ्यानं वाचत होता.

संध्याकाळी ओटीवर सल्लागार मंडळ भरलं. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर औषध कोणी आणत नाही, सल्ला मात्र प्रत्येक जण शिधा आणावा तसा घरून बांधून आणतो.

"मास्तर, तुमी दाबत नाय नीट," येसाजी पाटील म्हणाला. "नांगर दाबल्याबिगर तास पडतो का कदी?"

"दाबायचं नाही, दिशा बदलायची," टपालमास्तर प्रधान म्हणाले. ते एकदा पुण्याला जाऊन आले होते. "केस खाली वाढतात, तेव्हा वस्तरा खालून वर. विलायतेत असंच करतात."

मास्तरांनी दोघांचाही मान राखला. दुसऱ्या खेपेला यंत्र दाबलंही आणि खालून वरही नेलं. गळ्याचं जे झालं, ते पाहून शेजारची सोनाबाई कळवळली आणि हळद कालवून लोणी घेऊन आली. "लावा मास्तर. माज्या म्हशीचं सड फाटलं तवा ह्येच लावलं हुतं." म्हशीच्या पंगतीला बसवल्याचं मास्तरांना लागलं, पण आग इतकी होती, की त्यांनी लोणी लावलं. पिवळं तोंड घेऊन ते शाळेत गेले, तेव्हा दुय्यम शिक्षक पोपट गुरुजींनी त्यांना कावीळ झाली असं समजून उसाचा रस मागवला. खरं कळल्यावर गुरुजींनी आपला उपाय सुचवला. तुरटी फिरवून वर लिंबू पिळायचं. मास्तरांनी तेही केलं आणि नंतर पाऊण घटका परसात केळीच्या बुंध्याला मिठी मारून उभे राहिले.

शिवाय दाढी करायला वार लागतात. मंगळवार नको, शनिवार नको, एकादशी नको, अमावास्या नको. उरलेल्या वारांत गळ्यावर जागा नको का? त्यात पातं बोथटलं. नवं मुंबईहून यायचं, तोवर ते काचेच्या पेल्यात आतून घासलं की धार येते, असं प्रधानांनी सांगितलं. पातं घासून घासून मास्तरांचं बोट कापलं. पात्याला धार काही आली नाही. मग ते कापत नव्हतं, केस मुळासकट ओढून काढत होतं.

एवढ्यात एक दिवस सहदेव मागच्या दारी येऊन उभा राहिला. "मास्तर, आमचं काय चुकलं?" तो म्हणाला. "तुमच्या घरचं बलुत्याचं भात खातो वर्सावर्साला. हात लावू द्यायचा नाय, तर भात कशाचं घेऊ मी?"

"तुझं काही चुकलं नाही रे. कातडीच मेली नतद्रष्ट आहे," मास्तर म्हणाले. सहदेव गेला, पण त्याचं तोंड पडलं ते पडलंच. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. एका दाढीपायी एक माणूस दुखावला होता आणि दुसरा दुखावलेला तिकडे तसाच खोकत होता. शेवटी त्यांनी यंत्र फळीवर ठेवून दिलं. कातडी बरी होईपर्यंत दाढीला हात लावायचा नाही आणि मगच एकदा नीट करून खालापूर गाठायचं.

दाढी वाढली. आणि मास्तर ज्या दंडकाला भीत होते, तो दंडक सगळ्या कर्जतला ठाऊक होता.

पहिल्यांदा बाजारात कुजबुज झाली. टिपणीस मास्तर कधी आठवडा चुकवत नाहीत, त्यांची दाढी एवढी वाढली, म्हणजे सुतक. कोणाचं? टपालमास्तर छातीवर हात ठेवून सांगू लागले, की मास्तरांना मयताची तार आलेली नाही. म्हणजे मुंबईकडची माणसं सुखरूप. तार नाही, तर खबर माणूस घेऊन आला. आणि माणूस खालापूरहूनच येणार. म्हणजे दादाच. इतकं बिनचूक गणित मास्तरांच्या शाळेत आजवर एकाही पोरानं सोडवलं नव्हतं.

मास्तरांना यातलं काही माहीत नाही. ते सकाळी शाळेत गेले, तर शाळा बंद. पोपट गुरुजींनी पोरांना उभं करून दादांच्या आत्म्यास शांती चिंतली होती आणि सुट्टी देऊन टाकली होती. पोरं आनंदानं ओरडत नदीकडे गेली होती. मास्तर घरी परतले, तर ओटीवर माणसं.

"अहो, कोणी गेलेलं नाही!" मास्तर म्हणाले.

"असंच वाटतं," प्रधान हळहळले. "माझे वडील गेले तेव्हा मलाही महिनाभर असंच वाटत होतं."

"दादा जिवंत आहे!"

"व्हय मास्तर," सोनाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "चांगली माणसं मरत नायत. आपल्या काळजात ऱ्हातात."

मास्तर हताश होऊन खांबाला टेकले. आणि खरं सांगायचं, तर त्या गलक्यात त्यांनाही एकाएकी शंका आली. ही माणसं बोलतात ते खरं झालं असलं तर? तीन वर्षांत आपण एकदा तरी चौकशी केली का? डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मंडळींची खात्रीच पटली.

अंगणात छत्री टेकल्याचा आवाज झाला. खोकल्याची एक लांबलचक उबळ आली आणि मग आवाज आला, "बसा, बसा. माझ्यासाठीच आलात ना?"

विनायकदादा दारात उभे होते. खोपोलीच्या गाडीनं आले होते. बाजाराला आलेल्या कोणी तरी खालापुरात जाऊन त्यांना त्यांच्याच मृत्यूची बातमी दिली होती. सोनाबाईनं किंकाळी फोडली आणि ती परसदारानं पळाली. येसाजी पाटील उठला, बसला, पुन्हा उठला आणि "बराय, येतो," म्हणून चपला हातात घेऊन निघून गेला. ओटी क्षणात रिकामी झाली.

दादा धापा टाकत झोपाळ्यावर बसले. "मोरू, मेलो असं समज, म्हटलं होतं मी. तू चारचौघांना बोलावून समजलास होय? चहा मिळेल का? की सुतकात चूल पेटवत नाही?"

मास्तरांनी काही बोलायच्या आत दादांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. अर्धवट वाढलेली दाढी, खाली पुरळ, सुकलेले ओरखडे. दादा बघत राहिले आणि मग हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. "बाबांची कातडी," ते म्हणाले. "तुलाही तीच मिळाली. मला वाटत होतं, मी एकटाच आहे."

दादांनी पिशवीतून एक डबी काढली. निकेलचीच, पण घासून पिवळी पडलेली. पाच वर्षं ते स्वतः सेफ्टी रेझर वापरत होते. सुरुवातीला त्यांचंही तोंड असंच फुटलं होतं. "पण मी लवकर सुधारलो," दादा म्हणाले. "घरात एकटा. सल्ला द्यायला कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मास्तरांना कढत पाण्यानं आंघोळ घातली. ओला पंचा गरम करून तोंडाला गुंडाळला आणि तसंच बसवून ठेवलं. "दाढीला भिजू दे. घाई तुझ्या रक्तातच आहे. देव नेलेस तेव्हाही घाईच केलीस." मग दाढीच्या साबणाचा दाट फेस लावून पुन्हा थांबले. आपलं नवं पातं यंत्रात घातलं. "दाबायचं नाही. त्याच्या अंगचं वजन पुरतं. केस जिकडे लवतो तिकडेच न्यायचं, उलटं नाही. आणि एका जागेवरून पुन्हा पुन्हा नाही. राहिला एखादा खुंट तर राहिला." यंत्र गालावरून पाण्यासारखं गेलं. शेवटी गार पाण्याचा हबका. "आता वर काही चोपडू नकोस. लोणी पोळीला."

मास्तर गळ्यावरून हात फिरवत राहिले. आग नाही. पुरळ नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या गळ्याचा त्रास होत नव्हता. "दादा, देव परत घेऊन जा," ते म्हणाले.

दादा देवघरापुढे बसून टाक पुसत होते. "राहू देत. मी गेल्यावर पुन्हा आणायला तुला हेलपाटा. बारशाला येतो. पोराला मांडीवर घेऊनच नाव ठेवू."

दादा काही आठवडे राहिले. खालापूरला परत जाण्याआधी एक काम उरलं होतं. शाळेला विनापरवाना सुट्टी का दिली, याचा शाळांच्या बोर्डानं खुलासा मागवला होता. बंधूंच्या मृत्यूच्या चुकीच्या बातमीमुळे, असं मास्तरांनी लिहिलं होतं. तर बातमी चुकीची असल्याचा पुरावा सादर करावा, असा उलट हुकूम आला. दादांनी कोरा कागद घेतला आणि ठसठशीत लिहिलं, "मी जिवंत आहे. विनायक टिपणीस." खाली येसाजी पाटलाचा अंगठा घेतला. अंगठा देताना येसाजीनं दादांच्या दंडाला हळूच चिमटा काढून पाहिला.

पौषातल्या थंडीत दादा गेले. दमा रात्रीतून वाढला आणि पहाटे सगळं संपलं. या खेपेला खालापूरहून खरंच माणूस आला. मास्तर गेले, अग्नी दिला. मागे तिथे कोणी नव्हतं, म्हणून घराला कुलूप घातलं आणि अस्थी घेऊन ते कर्जतला परतले. सुभद्राबाईंना निघता येईना. लेकीला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता.

घरी येताना वाटेत येसाजी भेटला. "येसाजी, दादा गेला रे," मास्तर म्हणाले.

येसाजी मोठ्यानं हसला. "मास्तर, येकदा फसलो आमी. आता नाय फसायचो. अंगठा दिलाय मी, तो जिता हाय म्हून." आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारून तो बाजाराकडे गेला.

मास्तरांनी पोपट गुरुजींकडे रजेचा अर्ज धाडला. गुरुजी तो परत घेऊन आले आणि त्यांनी दारातूनच हात जोडले. "मास्तर, पुन्हा? कालच बोर्डाचं उत्तर आलं, की खुलासा मान्य असून आपले बंधू हयात असल्याची नोंद घेतली आहे. आता मेले म्हटलं, तर नोकरीवर येईल. दुसरं काही तरी कारण घाला." मास्तरांनी अर्जावर 'मृत्यू' खोडलं आणि 'त्वचाविकार' लिहिलं. सख्ख्या भावाच्या जाण्याला त्यांनी स्वतःच्या हातानं पुरळ म्हटलं. ती काट त्यांना पात्याच्या कुठल्याही कापापेक्षा खोल लागली.

त्यानंतर ते कोणालाच काही बोलले नाहीत. दाढी वाढत राहिली. रस्त्यानं जाणारे वाढलेले खुंट पाहत आणि कुंपणावरून विचारत, "पुन्हा उठलं का पुरळ?" सोनाबाईनं कुंपणावर लोण्याची वाटी ठेवली. प्रधानांनी खोबरेलात कापूर घालायला सांगितलं. ओटीवर कोणी येऊन बसलं नाही. दादा जिवंत असताना त्यांच्यासाठी सगळं गाव रडलं होतं. आता ते खरंच गेले, तर गावाकडे रडं शिल्लक नव्हतं. मास्तर एकटेच खिचडी करत, एकटेच खात आणि झोपाळ्याकडे बघायचं टाळत.

दहाव्या दिवशी खालापूरचे भटजी आले. नदीवर येण्याचा सहदेवाला निरोप गेला. तो धोकटी घेऊन हसत हसत घाट उतरला. "मशीन मोडलं वाटतं, मास्तर? मला ठाव हुतं, येका दिशी..."

मग त्याला दर्भ दिसले, पिंड दिसले, खांद्यावर ओला पंचा घेऊन पाण्यात उभे असलेले मास्तर दिसले. तो तिथंच थबकला.

"दादा गेला, सहदेव," मास्तर म्हणाले. "मिशीही काढायची आहे."

सहदेवानं धोकटी खाली ठेवली. "खरंच?" त्यानं विचारलं. आणि मग खाली मान घालून म्हणाला, "आमी समदी हसत हुतो वो, मास्तर."

एवढं ऐकायलाच जणू मास्तर थांबले होते. ते काठावरच्या दगडावर बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. आपण मनात आणलं असतं, तर वाढल्या दाढीनंच तीन वर्षांपूर्वी खालापूरला जाता आलं असतं, हे त्यांना आता लख्ख कळत होतं. आधी पहिल्या पावलाची आणि मग गुळगुळीत तोंडाची वाट बघत त्यांनी भावाची तीन वर्षं घालवली होती. भटजी खाकरले, पण सहदेवानं हातानं त्यांना थांबवलं. तो ओंजळी ओंजळीनं नदीचं पाणी घेऊन मास्तरांच्या गालांवर, गळ्यावर सोडत राहिला. घाई केली नाही. रडं ओसरेपर्यंत बसला आणि मग वस्तरा उघडून, पोराच्या जावळावरून फिरवावा तसा हळू फिरवला.

संध्याकाळी ओटी पुन्हा भरली. सहदेवानं सगळीकडे सांगितलं होतं. येसाजी पाटील खांबाकडे बघत बसला होता. सोनाबाई दारातच उभी होती. पोपट गुरुजी नुसते घसा साफ करत होते. या माणसांकडून सांत्वन आधीच करून झालं होतं. आता नवे शब्द कुठून आणणार? शेवटी टपालमास्तर प्रधानांनी कंदिलाच्या उजेडात मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "या खेपेला पुरळ नाही उठलं हो."

मास्तरांनी गळ्यावरून हात फिरवला. खरंच उठलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "भिजायला वेळ मिळाला."